वाचकांचे प्रश्न : लहानपणीचा धक्का आणि शेजारी बसलेलं मोठं माणूस

सहा वर्षांखालच्या मुलांविषयी प्रश्न पाठवा, असं आवाहन आम्ही मागच्या अंकात केलं होतं. पत्रं वेगवेगळ्या घरांतून आली, पण बहुतेकांची काळजी एकच होती : इतक्या लहान वयात घडलेलं मुलाच्या अंगात राहतं का, आणि राहिलं असेल तर आता काय करायचं? त्यातली सहा पत्रं थोडक्यात देत आहोत. नावं गाळली आहेत.

माझी मुलगी तीन वर्षांची आहे. दोन आठवड्यांपूर्वी ती आजोबांबरोबर स्कूटरवरून पडली. तिला खरचटलं, आजोबांचा पाय मोडला. तेव्हापासून ती पुन्हा अंथरूण ओलं करते, मी नजरेआड झाले की किंचाळते आणि दिवसभर खेळण्यातली गाडी आपटून ‘धप्प’ म्हणत बसते. घरचे म्हणतात, विषय काढू नका, विसरेल. (पुणे)

विषय काढा. तीन वर्षांच्या मुलीला मोठेपणी हा दिवस सांगता येणार नाही हे खरं. पण सांगता न येणं आणि विसरणं यांत फरक आहे. मेंदूतला ॲमिग्डाला हा बदामाएवढा भाग धोका हेरतो आणि तो जन्मापासून कामाला लागलेला असतो. घडलेल्या गोष्टीला आधी-नंतरचा क्रम लावणारा हिप्पोकॅम्पस या वयात अजून घडत असतो. म्हणून भीती साठते, गोष्ट साठत नाही. पुढे कधी हॉर्न वाजला किंवा पेट्रोलचा वास आला की अंग आखडतं, आणि का ते तिचं तिलाच कळत नाही.

ती गोष्ट तिला तुम्ही द्यायची. चार-पाच वाक्यं पुरेत, आणि दर वेळी तीच : ‘तू आणि आजोबा स्कूटरवर होतात. रस्त्यावर वाळू होती, गाडी घसरली, धप्प झालं. आजोबांचा पाय दुखला, तुझं ढोपर खरचटलं, तुला खूप भीती वाटली. मग डॉक्टरांनी आजोबांना प्लॅस्टर घातलं. आता आपण सगळे घरी आहोत.’ शेवटचं वाक्य कधीही गाळू नका. घटना संपली आहे, हे तिच्या अंगाला अजून कळलेलं नाही. आणखी एक वाक्य आठवणीने सांगा : ‘तुझ्यामुळे पडलं नाही.’ या वयाच्या मुलांना घरात जे होतं ते आपल्यामुळेच झालं असं वाटतं, आणि ते ती बोलून दाखवत नाहीत.

गाडी आपटण्याचा खेळ बंद करू नका. शेजारी बसा, तिच्या ‘धप्प’ला ‘अरे बापरे, पडली!’ एवढीच साथ द्या. तीन-चार दिवसांनी विचारा, ‘आता मदतीला कोण येणार?’ तिने बाहुलीला डॉक्टर केलं, आजोबांना उचललं, म्हणजे खेळ पुढे सरकला. तो रोज जसाच्या तसा चालू राहिला, चेहरा लाकडासारखा असला आणि खेळून झाल्यावर ती आणखी घाबरी होत असेल, तर तज्ज्ञाला दाखवा.

अंथरुणाबद्दल रागावू नका, खाली रबरी चादर घाला. कोरडं राहण्याची सवय आपोआप परत येते. लाजवलं तर त्याला आणखी वेळ लागतो. बाहेर जाताना तिचा डोळा चुकवून निघू नका. ती रडली तरी सांगून जा आणि परत आल्यावर ‘बघ, आले’ म्हणा. स्कूटरची भीती पायरीपायरीने काढायची. आधी उभ्या गाडीला हात लावणं, मग बंद गाडीवर बसणं, मग चालू इंजिनाजवळ उभं राहणं, आणि शेवटी आवारातच संथ फेरी. एका पायरीवर ती मोकळेपणी हसू-बोलू लागली की पुढची. ‘बघ, काही होत नाही’ म्हणत तिला एकदम मागे बसवलं की सगळं पहिल्यापासून सुरू होतं.

आजोबांच्या प्लॅस्टरवर तिला स्केचपेनने चित्र काढू द्या. आजोबा तुटले नाहीत, बरे होताहेत, हे तिला हाताने कळायला हवं.

असा त्रास बहुतेक मुलांचा चार आठवड्यांत ओसरतो. महिना उलटूनही झोप, भीती, चिकटणं तसंच राहिलं तर बालमानसतज्ज्ञाकडे जा. बोलणं किंवा खाणं बंद झालं असेल तर तेवढं थांबूही नका. पडताना डोक्याला मार लागला असेल आणि उलट्या, गुंगी किंवा तोल जाणं दिसलं, तर ताबडतोब डॉक्टरांकडे न्या.

मी अंगणवाडी सेविका आहे. दसरा-दिवाळीला आमच्या गावातून कोयते, म्हणजे नवरा-बायकोच्या जोड्या, ऊसतोडीला जातात. एक चार वर्षांचा मुलगा आजीजवळ राहिला. मार्चअखेर आई परत आली, तर तो तिच्याकडे जाईना, आजीच्या पदराआड लपला. आई ओक्साबोक्शी रडली, ‘पोरगं मला विसरलं’ म्हणाली. तिला काय सांगू? (बीड जिल्हा)

विसरलेला नाही, असं ठामपणे सांगा. १९५०च्या सुमारास लंडनमध्ये जॉन बोल्बी आणि जेम्स रॉबर्टसन यांनी रुग्णालयात आईवडिलांपासून दूर राहिलेल्या लहान मुलांचं बारकाईने निरीक्षण केलं. मुलं आधी आक्रोश करतात, मग मलूल होतात, आणि त्यानंतर शहाण्यासारखी गप्प, अलिप्त होतात. तिसरी पायरी दिसली की मोठ्यांना वाटतं, पोर रुळलं. खरं तर त्याने वाट बघणं आवरून ठेवलेलं असतं. आई समोर आली की ते आवरलेलं सगळं वर येतं, म्हणून तो तोंड फिरवतो. काही मुलं आईला मारतात, चावतात. ते सोसायला अवघड आहे, पण त्यात ओळख आहे. परक्या बाईवर कोणी इतकं रागावत नाही.

आईने त्याला ओढून कडेवर घेऊ नये. ओट्यावर आजीशेजारी बसून शेंगा फोडाव्यात, भाजी निवडावी. तो आजीच्या मांडीवर असताना त्याच्याकडे न बघता गप्पा माराव्यात. तो जवळ येईल, एखादी शेंग उचलेल. तेव्हाही झडप घालू नये, आणखी एक शेंग पुढे करावी. मग कामं एकेक करून आजीकडून आईकडे यावीत. आधी खेळ, मग जेवण, मग आंघोळ, आणि झोपवणं सगळ्यांत शेवटी. याला दोन-तीन आठवडे द्यायचे. इथे नेहमी होणारी चूक म्हणजे आई आली म्हणून आजी त्याच दिवशी शेताला किंवा लेकीकडे निघून जाते. मग त्या लेकराची सहा महिन्यांत दुसऱ्यांदा ताटातूट होते. शेजारणींनाही बजावा : ‘तुझी आई तुला टाकून गेली होती’ ही थट्टा नाही. चार वर्षांचं मूल ते खरं मानतं.

पुढच्या हंगामाची तयारी आताच ठरवून ठेवा. जाण्याआधी तीन-चार दिवस त्याला सांगायचं. महिनाभर आधी सांगितलं तर तो महिनाभर झुरतो. टोळीची गाडी पहाटे निघते म्हणून मुलाला झोपेतच सोडून जातात. तसं करू नका. उठवून, पोटाशी धरून, ‘मी ऊस तोडायला चालले, आजी तुझ्याजवळ आहे, ऊस संपला की येते’ असं सांगून जावं. झोपेत आई नाहीशी झाली की मूल झोपेलाच घाबरू लागतं. आईची अंगावरची एक साडी न धुता त्याच्या अंथरुणात ठेवा. तारीख मात्र कबूल करू नका. पट्टा कधी पडेल, म्हणजे हंगाम कधी संपेल, हे कारखान्याच्या आणि उसाच्या हातात असतं, आणि मोडलेला शब्द मुलाला फार लागतो. त्यापेक्षा दर पौर्णिमेला भिंतीवर गेरूचा एक ठिपका काढू द्या. किती दिवस गेले हे त्याला डोळ्यांनी दिसेल.

फोन ठरलेल्या वेळी, पाचच मिनिटं. तो बोलला नाही तरी आईने बोलावं. काय खाल्लं, बैल काय करतात, रोज तेच चालेल. फोननंतर तो रडतो म्हणून फोन बंद करणारी घरं आहेत. रडू द्या, आजीने जवळ घ्यावं. तो रडतोय म्हणजे त्याने वाट बघणं सोडलेलं नाही.

तुमच्या अंगणवाडीत त्याची बसायची जागा आणि आल्यावरचा तुमचा पहिला शब्द रोज तोच असू द्या. वजन घटलं, खेळ थांबला, तर लगेच आरोग्य केंद्रात कळवा. जी मुलं आईबापांबरोबर फडावर (ऊसतोडीच्या जागी) जातात त्यांच्या स्थलांतराची नोंद निघण्याआधी अंगणवाडीच्या पोषण ट्रॅकर ॲपवर करा, म्हणजे तिथल्या अंगणवाडीत आहार मागता येतो. हंगामी वसतिगृहं शाळेच्या वयाच्या मुलांसाठी असतात. सहा वर्षांखालच्यांना आजी नाहीतर फड, एवढंच उरतं. उचल (मजुरीची आगाऊ रक्कम) घेतलेल्या आईला घरी राहण्याचा पर्याय नसतो. तेव्हा तिला दोष लागेल असा शब्द कुणी काढला, तर तिथल्या तिथे थांबवा.

बाळ ३१ आठवड्यांचं जन्मलं आणि ३८ दिवस काचेच्या पेटीत होतं. आमच्यातलं नातं कच्चं राहील का? (नाशिक)

नाही. पहिल्या तासात किंवा आठवड्यात जुळलं नाही तर नातं कायमचं हुकतं, असं काही नसतं. डॉक्टरांना विचारून कांगारू पद्धत घरी चालू ठेवा. बाळाच्या अंगावर फक्त लंगोट आणि टोपरं, ते उभं तुमच्या दोन स्तनांच्या मध्ये, पाय बेडकासारखे दुमडलेले, मान एका कुशीला आणि किंचित वर, म्हणजे श्वास मोकळा राहतो. वरून साडी किंवा शाल घट्ट बांधा. एका बैठकीला निदान एक तास द्या. सारखं उचल-ठेव केल्याने बाळ दमतं. कमी दिवसांच्या बाळांसाठी दिवसाला ८ ते २४ तास अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. तेवढं एकटीने करायचं नाही, वडिलांची छातीही तितकीच चालते. बाळाने बोटं फाकवली, उचक्या दिल्या किंवा नजर वळवली तर ते ‘आता पुरे’ म्हणतंय. बोलणं थांबवा, नुसतं धरून ठेवा. वाढ मोजताना दोन वर्षांचं होईपर्यंत वयातून नऊ आठवडे वजा करा. शेजारच्या बाळाशी तुलना केलीत तर उगाच झोप उडेल. डोळ्यांच्या पडद्याची आणि कानांची तपासणी चुकवू नका.

आणि तुमचं स्वतःचं. दोन आठवड्यांहून जास्त रडू येत असेल, बाळाकडे बघून काहीच वाटत नसेल, तर डॉक्टरांना तसं स्पष्ट सांगा. प्रसूतीनंतरचं नैराश्य उपचारांनी बरं होतं.

इंटरनेटवर बालपणातल्या वाईट अनुभवांची दहा प्रश्नांची चाचणी दिली. माझे गुण सहा आले. वय ३४. आता आजार ठरलेलेच का? माझा मुलगा दोन वर्षांचा आहे. संध्याकाळी माझा तोल जातो, मी ओरडते आणि मग मला माझे वडील आठवतात. (ठाणे)

तो आकडा बाजूला ठेवा. ही चाचणी विन्सेंट फेलिटी आणि रॉबर्ट आंडा यांच्या अभ्यासातून आली. १९९८ मध्ये त्याचा पहिला निबंध छापला गेला, आणि अमेरिकेतल्या सॅन दिएगो इथल्या १७ हजारांवर प्रौढांची माहिती त्या संपूर्ण अभ्यासात गोळा झाली. मारहाण, दुर्लक्ष, घरातलं व्यसन, आईवर होणारे अत्याचार असे अनुभव जितक्या प्रकारचे, तितकं पुढे हृदयविकार, नैराश्य, व्यसनं यांचं प्रमाण जास्त, असं त्यात दिसलं. हे समूहाबद्दल खरं आहे. पण चाचणी फक्त प्रकार मोजते. एकदा घडलं की दहा वर्षं, दुसऱ्या वर्षी की बाराव्या, तेव्हा जवळ घेणारं कुणी होतं का, यातलं काहीही ती विचारत नाही. भूक, दुष्काळ, जातीवरून झालेला अपमान तर त्या यादीतच नाहीत. एका माणसाचं भविष्य सांगायला हे गुण वापरू नका, असं स्वतः आंडा यांनीच २०२० मध्ये लिहिलं आहे.

त्याच्या शेजारी दुसरा अभ्यास ठेवा. हवाई बेटांपैकी कवाई बेटावर १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांचा एमी वर्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कित्येक दशकं माग ठेवला. दारिद्र्य, आईवडिलांचं व्यसन किंवा मानसिक आजार अशा अनेक अडचणींत वाढलेल्या मुलांपैकी साधारण एक तृतीयांश मुलं कर्ती, प्रेमळ माणसं झाली. त्यांच्या बालपणी बहुधा एक तरी भरवशाचं माणूस होतं. आई किंवा वडीलच असं नाही, आजी, मावशी, शिक्षक कुणीही. तुमच्या मुलासाठी ते माणूस तुम्ही आहातच. उरतो संध्याकाळचा प्रश्न.

तोल जाण्याची वेळ बहुधा ठरलेली असते : कामावरून येणं, कुकर, मुलाची भूक, सगळं एकाच अर्ध्या तासात. ते आधी सैल करा. घरात शिरताच त्याला केळं किंवा सकाळची पोळी द्या, दहा मिनिटं जमिनीवर बसा, मग ओट्याकडे वळा. जबडा आवळला, आवाज चढला की तो इशारा समजा. मुलाला सुरक्षित जागी ठेवा, ‘मी पाणी पिऊन येते’ म्हणा, आणि आत घेतलेल्या श्वासापेक्षा सोडलेला श्वास लांब, असे दहा श्वास घ्या. परत मात्र नक्की जा.

तरीही ओरडलात तर सांधायचं. त्याच्या उंचीला बसून म्हणा : ‘आई मोठ्याने ओरडली. तू घाबरलास. चूक आईची होती.’ मग कुशीत. ‘तू असं केलंस म्हणून’ हे शेपूट जोडू नका. तेवढ्या एका वाक्याने माफीचं पुन्हा रागावणं होतं.

सांधण्याचं बळ किती असतं, ते एडवर्ड ट्रॉनिक यांच्या १९७०च्या दशकातल्या प्रयोगात दिसतं. आई काही महिन्यांच्या बाळाशी खेळते आणि मग दोन-तीन मिनिटं चेहरा दगडासारखा ठेवते. बाळ हसून बघतं, हात पुढे करतं, चिरकतं, शेवटी मान वळवतं आणि आक्रसून बसतं. आईचा चेहरा परत जिवंत झाला की ते जरा कुरकुरतं, आणि पुन्हा खेळायला लागतं. अगदी चांगल्या जोड्यांतही आई आणि बाळ बराचसा वेळ एकमेकांशी जुळलेले नसतातच, असं ट्रॉनिक यांना आढळलं. सतत तुटतं आणि सतत सांधलं जातं. त्या सांधण्यातूनच बाळ भरवसा शिकतं.

आम्ही लहानपणी मार खाल्ला, अंधाऱ्या खोलीत कोंडले गेलो, काय बिघडलं? सून म्हणते, नातवाला बागुलबुवाची भीतीही घालू नका. नातू चार वर्षांचा आहे. (सांगली)

आजोबा, तुम्हाला कोंडल्यावर दार उघडून जवळ घेणारं कुणी होतं का, ते आठवून बघा. बहुतेकांना आजी आठवते, काकू आठवते. तुम्ही तरलात ते त्या दार उघडणाऱ्या हातामुळे. कोंडण्याला त्याचं श्रेय देऊ नका.

थोडा ताण मुलाला घातक नसतो. इंजेक्शन, बालवाडीचा पहिला दिवस, यांत हृदय धडधडतं, कॉर्टिसोल हे ताणाचं संप्रेरक वाढतं आणि कुणीतरी थोपटलं की खाली येतं. पण ज्याच्याकडे धावायचं त्याचीच भीती असेल तर मुलाला जायला जागा उरत नाही. हे वारंवार होत राहिलं तर शरीर सतत सावध राहायला शिकतं. मग झोप, पचन, लक्ष सगळ्यावर परिणाम होतो. अंधारात कोंडणं आजच बंद करा. बागुलबुवाही नको, कारण चार वर्षांच्या मुलाला तो खरा असतो आणि रात्री एकट्याने त्याच्याशी गाठ पडते.

लाड करा असं आम्ही म्हणत नाही. खेळ थांबवायचा तर पाच मिनिटं आधी सांगा. एका वेळी एकच सूचना. ‘चप्पल तू घालतोस की मी घालू?’ असे दोनच पर्याय. पाणी सांडलं तर फडकं त्याच्या हातात. आणि हे परदेशातलं खूळ नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला ग्रामीण आणि आदिवासी मुलांसाठी बालशिक्षणाचं काम सुरू केलं, ते छडीशिवायच. शाळेतल्या शारीरिक आणि मानसिक शिक्षेवर २००९च्या शिक्षणहक्क कायद्याने बंदीच आहे.

सव्वादोन वर्षांची मुलगी दत्तक घेऊन चार महिने झाले. तिच्या उशीखाली पोळीचे तुकडे सापडतात. पडली तरी रडत नाही. आणि परवा दवाखान्यात एका अनोळखी बाईच्या मांडीवर जाऊन बसली. पाहुणे म्हणतात, किती माणसाळलेली आहे! आम्हाला मात्र धास्ती वाटते. (कोल्हापूर)

तुम्हाला वाटतंय ते योग्य आहे. संस्थेत सांभाळणारे हात पाळीप्रमाणे बदलतात. जो हात मोकळा तो आपला, हे ती तिथे शिकली. रुमानियात बुखारेस्ट इथे २००० साली सुरू झालेल्या अभ्यासात अनाथालयांतल्या १३६ मुलांपैकी निम्म्यांना पालक-कुटुंबांत ठेवलं गेलं. जी मुलं दोन वर्षांच्या आत घरात गेली, त्यांचं मायेचं नातं जास्त चांगलं जुळलं. पण त्यानंतर गेलेलीही सुधारली. तुमची मुलगी त्या उंबरठ्यावरच आली आहे.

पोळी काढून घेऊ नका, ओरडू तर नकाच. तिच्या उशाशी झाकणाचा छोटा स्टीलचा डबा ठेवा. त्यात बिस्किट, राजगिऱ्याच्या लाडवाचा तुकडा असं मऊ खाणं ठेवा. चणे-शेंगदाणे नकोत, या वयात घशात अडकतात. रोज रात्री तिच्यासमोर डबा भरा : ‘हा तुझा. सकाळी पुन्हा भरू.’ दर अडीच-तीन तासांनी खायला मिळेल असं वेळापत्रक ठेवा. ‘शहाण्यासारखं वागलीस तर खाऊ’ हा सौदा पूर्ण बंद. कधी आठवड्यांत, कधी महिन्यांत ती डबा उघडायचीच विसरते. त्यानंतरही काही दिवस तो तिथेच राहू द्या.

निदान पुढचे सहा महिने भरवणं, आंघोळ, झोपवणं आणि कडेवर घेणं हे तुम्ही दोघांनीच करायचं. आजी-आजोबांना वाईट वाटेल. त्यांना समजावा की ही मनाई नाही, फक्त क्रम आहे. पाहुण्यांनी लांबून हात हलवावा. ती कुणाच्या मांडीवर गेली तर न रागावता उचलून आणा : ‘मांडी हवी? आईची आहे ना.’ ती पडली आणि रडली नाही, तरी ती रडत असल्यासारखेच धावत जा, जखम बघा, फुंकर घाला, ‘लागलं ना’ म्हणा. दुखलं की कुणीतरी येतं, हे तिला पहिल्यांदाच कळतं आहे. एखाद्या दिवशी ती खरचटलेलं ढोपर दाखवायला स्वतः रडत येईल. तो दिवस वहीत लिहून ठेवा.

दत्तक दिल्यानंतर संस्थेकडून दोन वर्षं, दर सहा महिन्यांनी पाहणी होते. त्या वेळी तिचे जुने फोटो, तिथलं पांघरूण, झोपवतानाची पद्धत यांची चौकशी करा.

सहा महिन्यांनंतरही ती परक्यांकडे तशीच जात असेल, डोकं आपटत असेल किंवा दोन शब्द जोडून बोलत नसेल, तर बालविकासतज्ज्ञ डॉक्टरांना दाखवा. सरकारी व्यवस्थेत यासाठी जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्र असतं. त्याची चौकशी जिल्हा रुग्णालयात करा. मनाच्या तक्रारींसाठी टेलिमानस या सरकारी फोनसेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, मराठीतही बोलता येतं. मुलावर अत्याचाराचा संशय असेल तर १०९८ या चाइल्डलाइनच्या क्रमांकावर फोन करा. अशा वेळी त्याला खोदून-खोदून विचारू नका. ते जे बोललं ते त्याच्याच शब्दांत, तारखेसह लिहून ठेवा. समुपदेशक निवडताना पहिला प्रश्न हा विचारा : ‘एवढ्या लहान मुलाबरोबर काम करताना तुम्ही आईवडिलांना खोलीत घेता का?’ उत्तर ‘नाही, तुम्ही बाहेर थांबा’ असं आलं, तर दुसरा समुपदेशक शोधा.